ओढ्याचे सुशोभीकरण : काही उपयुक्त सूचना

आपल्या सोसायटीमागून ओढा वाहत असेल, तर सर्वप्रथम त्याला नाला म्हणायला शिकावे. ओढ्याला काठ असतात, उंबर-करंज असतात, एखादा खंड्याही असतो. नाल्याला फक्त अंदाजपत्रक असते.

काठावरचा वाळा तण समजून उपटून टाकावा. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरून ठेवतात, हे ठाऊक असले तरी सभेत बोलू नये.

झाडे लावायचीच असतील, तर उंबर-करंज सोडून कोनोकार्पस ही झटपट वाढणारी परदेशी झाडे लावावीत.

जुन्या झाडांच्या बुंध्याला भिडतील असे पेव्हर ब्लॉक बसवावेत. झाडाभोवतीचा एक मीटर काँक्रीटमुक्त ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीला बजावले होते. पण आपण पुण्यात राहतो.

यानंतर ओढ्याचा तळ सिमेंटने गुळगुळीत करावा आणि दोन्ही बाजूंना भिंती उभारून त्याची रुंदी निम्मी करावी. आमच्याकडे हे काम वैशाखात पूर्ण झाले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आषाढात दोन तास पाऊस पडला आणि पार्किंगमध्ये कमरेइतके पाणी आले. माझी स्कूटर आरशांपर्यंत बुडाली होती. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सायलेन्सर सोडवला, तेव्हा त्यातून गाळ आणि गुटख्याची पुडी निघाली. पूर्वी हेच पाणी दगडगोट्यांत अडखळत, काठच्या मातीत मुरत, वळणे घेत जायचे. आता त्याला मुरायला जागा नाही, पसरायला जागा नाही, म्हणून ते घसरगुंडीवरून यावे तसे येते आणि खालच्या वस्तीत सगळे एकदम पोचते. यावर सोसायटीच्या बैठकीत काय ठरले? भिंत आणखी दोन फूट वाढवायची!

अहो, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले, ते याच शहराने पाहिले ना? त्या पुरात वीसहून अधिक माणसे गेली. पडलेल्या सीमाभिंतींचा राडारोडा आपणच उचलला आणि पुन्हा भिंतीच बांधत सुटलो. तुमची भिंत पाणी जिरवत नाही, ते पलीकडच्या पत्र्याच्या घरांवर ढकलते, हे कळण्यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. तळाचे सिमेंट फोडा, ओढ्याची रुंदी त्याला परत द्या, काठावर वाळुंज, करंज आणि उंबर लावा. त्यासाठी पार्किंगच्या सहा जागा सोडाव्या लागतील, आणि नेमक्या त्याच तुम्हाला सोडायच्या नाहीत.