तुमचा ९४ आणि माझा निळा जोड: केबलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

आधी तुमची कमेंट थोडक्यात इथे परत टाकतो म्हणजे बाकीच्यांना कळेल कशाबद्दल चाललंय (३००, ९४ हे आकडे नेटच्या वेगाचे, एमबीपीएसमधे; कॅट-५ई, कॅट-६, कॅट-८ हे नेटच्या केबलचे चढते दर्जे). तुम्ही लिहिलंय की "केबल बदलून नेट फास्ट होत नाही असं छातीठोक लिहिता, मी ३०० चा प्लॅन घेऊन सहा महिने ९४ वर बसलो होतो, फायबरचा डबा दाराजवळ आणि राउटर हॉलमधे, मधली केबल काढून कॅट-६ टाकली तर त्याच दिवशी ३०० आला, फोनला वायफायवर पण. स्वतः करून न बघता लोकांना सल्ले देऊ नका. आणि घ्यायचीच तर डायरेक्ट कॅट-८ घ्या." जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण निम्मं तुमचं बरोबर आहे.

माझी चूक आधी. मी लिहिलं होतं की सगळं घर वायफायवर असेल तर केबलचा विषयच सोडा. हे साफ चुकलं. फोन वायफायवर असला तरी राउटरला नेट त्या दाराजवळच्या डब्यातूनच येतं ना, आणि डबा ते राउटर जर केबल असेल तर अख्ख्या घराचा डेटा तिच्यातूनच जाणार. ती ओळ मी पोस्टमधे बदलतोय.

आता तुमचा ९४. हा आकडा कोणी सांगितला की मी पुढचं ऐकायच्या आधीच केबलकडे किंवा पोर्टकडे बोट दाखवतो, कारण १०० एमबीपीएसच्या लिंकवर, म्हणजे दोन यंत्रांमधल्या जोडणीवर, डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर लागणाऱ्या पत्त्या-बित्त्याचा (हेडरचा) खर्च वजा जाता स्पीड टेस्टला ९४-९५ च उरतात. म्हणजे तुमचा डबा आणि राउटर सहा महिने एकमेकांशी १०० वरच बोलत होते. १०० ला केबलमधल्या पिळलेल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, बहुतेक वायरिंगमधे नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. निळी किंवा तपकिरी यातली एक तार जरी टोकाच्या क्लिपमधे (पोर्टमधे खोचतो तो प्लग) नीट चावली गेली नसेल तर बहुतेक यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात, लाइट लुकलुकत राहतो, नेट चालू असतं, आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो. त्यामुळे माझा अंदाज असा की तुमच्या जुन्या केबलची एखादी जोडी मेली होती आणि तिथे तुम्ही नवीन, धड क्लिप मारलेली कॅट-५ई टाकली असती तरी हेच ३०० आले असते. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस नेते, आणि तुमचा हॉल काही तेवढा लांब नसणार :)

"स्वतः करून न बघता" हे मात्र मान्य नाही हां. आमच्या घरी हाच ९४ होता, २०० च्या प्लॅनवर. मी शहाण्यासारखा आधी राउटर बदलला, काही फरक नाही. मग रोज तक्रार. शेवटी नेटवाला मुलगा लॅपटॉप घेऊन आला, डब्याला डायरेक्ट लावला, १९० च्या वर आले, म्हणाला साहेब लाइन ओके आहे, तुमच्या आतच प्रॉब्लेम आहे, आणि गेला. रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन भिंतीवरची प्लेट उघडली तर आत बघतो तर काय, नारिंगी-हिरवी नेटच्या क्लिपमधे, निळी जोडी वळून शेजारच्या इंटरकॉमला गेलेली आणि तपकिरी कापून मागे दुमडलेली! बिल्डिंग बांधताना वायरमनने एकाच केबलमधे दोन कामं उरकली होती. तेव्हा १०० एमबीपीएस कोणाकडे होतं म्हणा, त्याच्या हिशोबाने त्याने कॉपर वाचवलं. इंटरकॉम तर आम्ही वर्षानुवर्षं उचललेला नाही, वॉचमन मोबाइलवरच मिस कॉल देतो. निळी सोडवली, तपकिरी सोलली, दोन्ही टोकांना नवीन क्लिप.

आणि पहिल्या प्रयत्नात गाढवपणा केला. रंग ओळीने लावले, नारिंगीची जोडी, मग हिरवी, निळी, तपकिरी, दिसायला एकदम सुंदर. केबल टेस्टरवर आठही लाइट बरोब्बर लागले, पण लिंक सारखी पडायची. कारण क्लिपमधल्या आठ जागांपैकी (पिन) तिसरी आणि सहावी एकाच पिळातल्या जोडीची पाहिजे, म्हणून हिरवी जोडी फाकवून निळीच्या दोन्ही बाजूंना बसवायची असते. टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचली का तेवढंच सांगतो, पिळाचं त्याला काय कळतं. परत क्लिप मारल्या आणि १९० च्या वर आले. केबल तीच, भिंतीतली, जुनी.

कॅट-८ वर मात्र मी अडून बसणार. ती २५ आणि ४० गिगाबिटसाठी, सर्व्हर रूममधल्या ३० मीटरच्या आतल्या अंतरासाठी बनवलीये, जाड, ताठ, कन्सील्ड पाइपात ढकलताना रडवेल. तुमच्या राउटरचा पोर्ट १ गिगाबिटचा असेल तर पलीकडे कॅट-८ लावा नाहीतर सोन्याची तार लावा, १००० च्या पुढे जाणार नाही. उलट काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, काही फायबरच्या डब्यांना एकच पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १०० चे, तिथे तर केबल बदलून शून्य फायदा, प्लग शेजारच्या पोर्टला लावला की काम फुकटात. म्हणून खरेदीच्या आधी लॅपटॉप केबलने लावून विंडोजच्या इथरनेट सेटिंगमधे लिंक स्पीड १००/१०० दिसतोय की १०००/१००० ते बघा.

नवीन वायरिंग करत असाल तर कॅट-६ घ्या, त्यात वाद नाही. फक्त शुद्ध कॉपर बघून घ्या, तार ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरट निघाली तर ते कॉपरचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, परत करा.

तुमची जुनी केबल अजून भंगारात गेली नसेल तर दोन्ही टोकांच्या क्लिप उजेडात धरून रंगांचा क्रम इथे लिहा ना. निळी-तपकिरी जागेवर आणि शाबूत निघाली तर माझा अंदाज चुकला, मग ते पण पोस्टमधे टाकतो.