परतणारं यान टोकदार का नसतं? फिरणाऱ्या एका दाव्याला उत्तर

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा आशय असा: अवकाशातून परतणारं यान हवेशी घासून तापतं, म्हणजे ते जितकं टोकदार तितकं कमी तापेल. तरी सगळे बोथट नाकाची बोजड यानं बनवतात. आजकाल सगळं संगणकावर कळतं, मग विंड टनेल (यानाच्या प्रतिकृतीवर वेगाने हवा सोडून तपासायचा बोगदा) आणि चाचणी-उड्डाणांवर पैसा का घालवायचा? आणि अमेरिकेच्या स्पेस शटलने तर चाचणी न करता पहिल्याच फेरीत माणसं नेली.

वाचायला हे पटण्यासारखं आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी घर्षणाचं बघू. कक्षेतून परतणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. एवढ्या वेगात समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती जोरात दाबली जाते, यानापुढे शॉक वेव्ह, म्हणजे दाबलेल्या हवेची तीव्र लहर, तयार होते आणि तिच्यामागची हवा हजारो अंशांपर्यंत तापते. पृष्ठभागालगत घर्षण असतंच, पण बोथट यानाच्या नाकाला भाजते ती मुख्यतः ही दाबलेली हवा.

टोकदार नाकाला शॉक वेव्ह चिकटून राहते आणि उष्णता थेट त्या टोकात शिरते. नाक बोथट केलं की लहर पुढे सरकते आणि बरीचशी ऊर्जा आजूबाजूच्या हवेतच जाते. ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेत हे मांडलं. ढोबळ हिशेब असा, की नाकाची त्रिज्या चौपट केली तर शेंड्यावरचा उष्णतेचा मारा निम्म्यावर येतो. शटल वातावरणात शिरताना नाक ४० अंश वर ठेवून पोट पुढे करायचं, तेही याच कारणाने. एवढं करूनही नाकावर आणि पंखांच्या पुढच्या कडेवर तापमान १,६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जायचं. तिथे यानाला इतरत्र लावलेल्या उष्णतारोधक टाइल्स टिकत नाहीत, म्हणून कार्बनचं खास कवच असायचं. २००३ मध्ये कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखाच्या याच कवचाला भोक पडलेलं होतं. उतरताना तप्त वायू आत शिरला, पंख आतून गेला आणि सात अंतराळवीर आपण गमावले.

आता संगणकाचा मुद्दा. इथे एप्रिल १९८१ची, शटलच्या पहिल्या परतीची गोष्ट सांगायलाच हवी. शटलच्या शेपटाखाली, इंजिनांच्या खालच्या बाजूला, बॉडी फ्लॅप नावाची रुंद झडप होती. नाक किती वर राहील याचा तोल ती सांभाळायची. उड्डाणापूर्वीचा अंदाज होता, की ती सात-आठ अंश खाली करावी लागेल. प्रत्यक्षात ती १६ अंशांच्या आसपास गेली. तिची मर्यादाच २२.५ अंश होती, म्हणजे हाताशी फार काही उरलं नव्हतं. यान सुखरूप उतरलं, पण अंदाज दुपटीने चुकला होता.

चुकला कारण विंड टनेलमधली हवा तुलनेने थंड आणि कमी वेगाची होती. खऱ्या परतीत ऑक्सिजनचे रेणू तुटतात, पोटाखालचा दाब वेगळ्या रीतीने वाटला जातो आणि नाक अपेक्षेपेक्षा जास्त वर उचललं जातं. रेणूंची ही तुटफूट धरून केलेली संगणकीय गणितं पुढे याच्याशी जुळली. म्हणजे संगणक जिंकला? माझ्या मते नाही. ती गणितं बरोबर आहेत हे कळलं ते उड्डाणाच्या नोंदी समोर होत्या म्हणूनच. शिवाय कुठलीही एक सोय सगळं दाखवत नाही. शॉक टनेलमध्ये (शॉक वेव्हने हवा तापवणारा बोगदा) खऱ्या परतीइतकी ऊर्जा मिळवता येते, पण ती मिलिसेकंदांपुरती. आर्क-जेटमध्ये (विजेच्या ठिणगीने वायू तापवणारं यंत्र) मिनिटा-मिनिटांची धग मिळते, पण तिथे तपासायचा तो कवचाचा तुकडा, अख्ख्या यानाचा तोल नव्हे.

आणि बारीकसारीक गोष्टी तर फारच छळतात. २००५ मध्ये डिस्कव्हरी या शटलच्या पोटावर टाइल्सच्या फटींतल्या दोन पट्ट्या जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर वर आलेल्या दिसल्या. तेवढ्यानेही प्रवाह वेळेआधी खवळून मागच्या टाइल्स जास्त तापतील का, याचं खात्रीचं उत्तर कुणी देऊ शकलं नाही. शेवटी अंतराळवीर स्टीव्ह रॉबिन्सन यानाच्या पोटाखाली गेले आणि त्यांनी त्या पट्ट्या हातानेच ओढून काढल्या.

शटलची चाचणीच झाली नव्हती हे तर साफ खोटं. १९७७ मध्ये एंटरप्राइझ हे शटलचं चाचणी-यान बोइंग ७४७च्या पाठीवरून पाच वेळा सोडून उतरवलं गेलं. पाचव्या वेळी धावपट्टीजवळ ते वरखाली डोलू लागलं, तेव्हा नियंत्रणातला दोष सापडला. कक्षेतून परतण्याची तालीम मात्र राहिली होती आणि झडपेचा धक्का नेमका तिथेच बसला. सोव्हिएत संघाने आपल्या बुरान या शटलसारख्या यानाच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती आधी उडवल्या आणि १९८८ मध्ये बुरान माणसांशिवाय पाठवलं.

इस्रोही टप्प्याटप्प्यानेच चालली आहे. २०१६ मध्ये आरएलव्ही-टीडी हे पुन्हा वापरता येणाऱ्या यानाचं प्रायोगिक रूप ध्वनीच्या सुमारे पाचपट वेगाने उडालं. २०२३ आणि २०२४ मध्ये मिळून तीन वेळा चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून तसंच यान धावपट्टीवर उतरवलं. तिसऱ्या वेळी तर मुद्दाम ५०० मीटर बाजूला सोडलं, तरी ते ताशी ३२० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने नीट टेकलं. कक्षेतून परतताना वेग ध्वनीच्या २५ पटींच्या आसपास असतो, म्हणजे पाचपट वेगाच्या तुलनेत किलोमागे साधारण २५ पट ऊर्जा. मधल्या या टप्प्याची चाचणी संगणकावर उरकून टाका असं म्हणणाऱ्याने १६ अंशांच्या त्या झडपेचं उत्तर आधी द्यावं.