बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी

जी बाटली आम्ही उघडलीही नाही तिचे पैसे बिलात लागले, हे मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण वर १८ टक्के सेवा शुल्क? सेवा कुणी केली, ते तरी सांगा. आम्ही क्रूझच्या जहाजावरच्या केबिनमध्ये शिरलो त्याच्या आधीपासून ती बाटली आरशाखालच्या टेबलावर उभी होती. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'स्वागत असो' आणि खाली, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशी, किंमत. मी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली, बाटली रुमालात धरून (बोटांचे ठसे नकोत) कपाटात पार मागे सारली, आणि रोज बुफेतलं फुकट पाणी प्यायले. मधेच कधीतरी बाटली कपाटातून नाहीशी झाली. आता बाटली नाही म्हणजे यांनी ती प्यायलीच, असं जहाजाच्या संगणकाचं सरळ गणित.

"जाऊ दे ना, एका बाटलीचं काय घेऊन बसलीस," असं म्हणून आमचे हे शेवटचा सूर्यास्त बघायला डेकवर निघून गेले. सूर्यास्ताला पैसे पडत नाहीत, म्हणून मी अडवलं नाही. बिलाचा कागद घेतला आणि गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरपुढे रांगेत जाऊन उभी राहिले.

क्रूझच्या जाहिरातीत ही शेवटच्या रात्रीची रांग कधी दाखवत नाहीत. जाहिरातीत पांढऱ्या कपड्यातलं एक जोडपं असतं, त्यांच्या हातात उंच पेले असतात, आणि त्या पेल्यांचे पैसे वेगळे आहेत हे कुणीच सांगत नाही. तिकिटात राहणं आलं, बुफे आला, मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण आलं. पण चांगली कॉफी वेगळी, थंड पेय वेगळं, इंटरनेट वेगळं, खास रेस्टॉरंट वेगळं, फोटो वेगळा, बंदरावरची सहल वेगळी, आणि माणशी रोजची टिप तर न विचारताच लागलेली. जहाजावर रोख चालत नाही. दार उघडायचं कार्ड तेच पैसे द्यायचं कार्ड. खिशातून काही जाताना दिसत नाही, त्यामुळे काहीच जात नाही असं वाटत राहतं.

आम्ही काही डोळे मिटून चढलो नव्हतो. जानेवारी ते मार्च या काळात कंपन्या सवलतींचा पाऊस पाडतात, तेव्हा बुकिंग केलं होतं. बिनखिडकीची केबिन घेतली, तीही 'गॅरंटी'वाली. म्हणजे केबिन कुठली ते कंपनी ठरवणार, आणि निवडीचा हक्क सोडला म्हणून आपल्याला स्वस्त. (आमची निघाली डान्स फ्लोअरच्या बरोबर खाली. निवडीच्या हक्काची किंमत मध्यरात्रीनंतर कळते.) उरलेले सगळे पैसे भरायची तारीख येईपर्यंत रोज भाडं बघायचं, उतरलं की फोन करून कमी करून घ्यायचं, हेही केलं. पेयांचं पॅकेज घेतलं नाही, कारण एकाने घेतलं की केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावं लागतं. मी लिंबू सरबत पिते, ते फुकट आहे. तेव्हा मी पीत नाही त्या दारूचे पैसे भरायचे, म्हणजे यांना पिता यावी! नाही घेतलं. हे आठवडाभर लिंबू सरबतावर होते आणि तोंड तसंच करून होते.

तर रांग. माझ्या पुढे एक काका उभे होते. डोक्यावर लकी ड्रॉमध्ये मिळालेली टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेलं कार्ड, काखेत प्लॅस्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये रोजच्या रोज छापून घेतलेलं बिल, त्यावर चार रंगांच्या रेघा. शेजारी काकू. काकूंकडे कापडी पिशवी, त्यात लोहचुंबकाचे हुक. जहाजाच्या केबिनच्या भिंती पोलादी असतात, हुक कुठेही चिकटतात आणि ओले कपडे टांगता येतात, म्हणजे लाँड्रीचे पैसे वाचतात, हे मला काकांनी ओळखही न करून देता सांगितलं.

"किती वाचवले?" काकांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "मी एका बाटलीचे परत मागायला आलेय."

"एका बाटलीचे!" ते काकूंकडे वळले. "ऐकलंस? बाटली." मग त्यांनी फाइलच्या तळाशी हात घालून एक वही काढली. "ताई, खर्च सगळेच लिहितात. मी बचत लिहितो."

वही उघडली. पहिल्या पानावर 'मसाज', पुढे आकडा.

"मसाज स्वस्तात मिळाला?"

"घेतलाच नाही. म्हणजे सगळेच वाचले की नाही? स्पामध्ये पहिल्या दिवशी फुकट फेरी असते, ती केली. गरम दगडाला हात लावून पाहिला." पान उलटलं. "फोटो. जहाजावर चढताना काढतात, बंदरावर उतरताना काढतात, जेवताना पोपटाच्या वेशातला माणूस शेजारी उभा करून काढतात. एकूण बावीस निघाले. एकही घेतला नाही. बावीस गुणिले हा दर." त्याखाली दोन रेघा. "आणि हे बघा, हे मोठं."

मोठं म्हणजे चित्र होतं. क्रूझवर चित्रांचा लिलाव असतो आणि येणाऱ्यांच्या हातात शँपेनचा पेला फुकट देतात. काका प्रत्येक लिलावाला गेले होते. शँपेन घेऊन, हात खाली ठेवून, शेवटच्या रांगेत बसले होते. ज्या ज्या चित्रावर त्यांनी बोली लावली नाही त्याची शेवटची किंमत वहीत जमेला होती. बेरीज माझ्या डोळ्यांसमोर धरत ते म्हणाले, "तिकिटाच्या कितीतरी पट. म्हणजे ही सहल आम्हाला फुकट पडली आणि वर कमाई झाली."

"मग ती कमाई कुठेय?" मी विचारलं. काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

रांग दोन पावलं सरकली. काकांची केबिनही बिनखिडकीचीच होती, पण त्यांच्या मते ती बाल्कनीची होती, कारण टीव्हीवर एका चॅनेलला जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं दृश्य दिवसरात्र चालू असतं. "तेच लावून ठेवायचं. समुद्र तोच. वर वारा नाही, ऊन नाही."

"वासही नाही," काकू म्हणाल्या.

कंपनीच्या सहली महाग, म्हणून काका प्रत्येक बंदरावर स्वतःच उतरत. यात चूक काहीच नाही, शहाणे लोक तसंच करतात. फक्त कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं आणि स्वतःच गेलेल्या माणसासाठी थांबत नाही, एवढा फरक. धक्क्यावर जिवाच्या आकांताने धावणारे लोक आणि वरच्या डेकवरून टाळ्या वाजवणारे लोक मीही पाहिलेत. काकांनी तो धोका घेतला नव्हता. सगळ्यांनी परतायच्या वेळेच्या तीन तास आधी ते धक्क्यावर हजर असत.

"बंदराची कुंपणं फार छान आहेत," काकू मला म्हणाल्या. "चारही ठिकाणची बघितली."

यावर काकांनी फोन विमान मोडवर टाकला का, असं मला एकदम दरडावून विचारलं. भर समुद्रात जहाजाचं मोबाइल नेटवर्क आपोआप पकडलं की रोमिंगचं बिल घरी पोचतं. माझा फोन विमान मोडवरच होता. काकांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

इथे जरा थांबून सांगते, समुद्रपर्यटनात खरी बचत ज्याने केली तो १८४४ सालचा माणूस आहे. त्या वर्षी पी अँड ओ या जहाज कंपनीने विल्यम थॅकरे या इंग्रज लेखकाला भूमध्य समुद्राची सफर फुकट घडवली. प्रसिद्धी मिळावी हा हेतू. त्याने पुस्तक लिहिलं, कंपनीने तिकीट सोडलं, हिशोब मिटला. बाटलीचं काय झालं ते इतिहासात नाही. ही चांगली प्रथा लिहिणाऱ्यांच्या हातून कशी निसटली ते कळत नाही. हल्ली ते भाग्य रील करणाऱ्यांकडे गेलंय. मला कुणी फुकट नेलं असतं तर मीही या लेखात सूर्यास्ताचं वर्णन केलं असतं.

असो. काका रांगेत कशाला उभे आहेत, हे मी अजून विचारलंच नव्हतं. ज्या माणसाने काहीच घेतलं नाही त्याची तक्रार काय असणार?

"टिप काढून टाकायचीय," काका म्हणाले. "रोजची आपोआप लागते ना, ती. बऱ्याच जहाजांवर सांगितलं की काढतात."

"का?"

"हत्ती आला नाही."

केबिन आवरणारा मुलगा रोज रात्री पलंगावर टॉवेलची घडी घालून प्राणी करून ठेवतो. ससा, माकड, हंस. काकांकडे प्रत्येकाची तारीखवार नोंद होती. त्यात एका रात्रीपुढे मोकळी जागा होती. "त्या दिवशी हत्ती यायला हवा होता. समोरच्या केबिनमध्ये होता. मी दारातून बघितला."

माझं डोकं तिथे सटकलं. मी म्हटलं, काका, तो मुलगा कितीतरी महिन्यांच्या करारावर आलाय, आठवड्याची सुटी नाही. सागरी कामगारांचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी, असं लिहिलंय. म्हणजे एखाद्या दिवशी उरलेले १४ तास काम करून घेतलं तरी ते नियमातच.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग १४ तासांत एक हत्ती होत नाही?"

काय बोलणार! मी म्हटलं, हे बरोबर नाही. जहाजं बहामाज नाहीतर पनामाच्या झेंड्याखाली नोंदवायची, पगार तिथल्या कायद्याने द्यायचा, आणि पगारात कमी पडेल ते प्रवाशांच्या टिपेवर ढकलायचं, हे कंपन्यांचं चालतंच. त्यात आपणही टिप कापायची? आवाज माझा जरा चढला असावा, कारण मागचे लोक पुढे वाकून ऐकायला लागले.

"ताई," काका फाइल बंद करत म्हणाले, "तुम्ही काय परत मागायला आलात म्हणालात?"

"बाटलीचे पैसे."

"आणि त्यावरचं?"

"...सेवा शुल्क."

"हां," ते म्हणाले, आणि मागच्या लोकांकडे बघून मान डोलावली.

आता हे एकसारखं नाही, हे कुणालाही कळेल. एकात माणूस आहे, एकात बाटली आहे. पण त्या क्षणी रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्या पोराच्या ताटातला घास मीच ओढला. मला खात्री आहे, ते १८ टक्के त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हते. पण हे सांगायला रांगेत उभं राहून भाषण करावं लागतं, आणि काकांना एका शब्दात काम झालं. याचा राग मला अजून आहे.

काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. काकांची टिप निघाली नाही. म्हणजे नाही म्हणाली नाही, एक फॉर्म दिला, कारण लिहा म्हणाली. काकांनी 'हत्ती' लिहिलं, मग पेन उचलून बराच वेळ बघत राहिले. तोवर काकूंनी पिशवीतून एक पाकीट काढून मला हळूच दाखवलं. त्या मुलासाठी वेगळे, रोख पैसे होते, आणि ते उद्या सकाळी उशीखाली ठेवायचे होते. वहीत त्यांची नोंद नव्हती.

माझी तक्रारही गोडच ऐकली. बाटलीची रक्कम सेवा शुल्कासकट वजा करणं आता यंत्रात शक्य नाही, त्याऐवजी तेवढंच क्रेडिट माझ्या खात्यात जमा झालं. रोख परत मिळत नाही. आज मध्यरात्रीपर्यंत जहाजावरच वापरायचं. दुकानात फिरून पाहिलं. त्या रकमेत फोटोचा कोपरा आला असता, टोपीचा पट्टा आला असता, आणि पूर्ण अशी एकच वस्तू येत होती: कॅफेतली फेसाची कॉफी.

"मी दुपारनंतर कॉफी पीत नाही," मी स्वतःशीच पुटपुटले.

मागून काका. "वापरणार नसाल तर एक सुचवू? रोज त्या कॅफेवरून जाताना वास घेतलाय मी. एकदाही प्यायलो नाही." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच वही नव्हती. "तुम्ही कार्डावर घ्या, मी तुम्हाला अर्धे रोख देतो."

अर्धे तर अर्धे. मध्यरात्रीनंतर तेही शून्यच होणार होते. मी कॉफी घेतली, कप त्यांच्या हातात दिला. काकांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला, दुसरा काकूंना दिला, मिशीवरचा फेस पुसला आणि पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. मी मोजले तर कमी भरले.

"मूळ किमतीच्या अर्धे आहेत," काका म्हणाले. "सेवा शुल्क तुमच्याकडे. कप तुम्ही आणून दिलात ना?"