अजून किती थँक्यू राहिलेत?

आज पंधरा ऑगस्ट. दुपारी जेवून जरा आडवी झाले, फोन हातात घेतला आणि डोकंच फिरलं.

ओळखीतल्याच एका तरुण मंडळाची पोस्ट. बालगृहातली मुलं ओळीनं उभी. प्रत्येकाच्या हातात वह्यांचा गठ्ठा, वह्यांच्या कव्हरवर मंडळाच्या आधारस्तंभांचा हात जोडलेला फोटो, मागं मुलांपेक्षा मोठा बॅनर. चेहरे अगदी लख्ख. कडेच्या पोराच्या डोळ्यांवर ऊन आलंय, त्यानं तोंड वाकडं केलंय. आणि वर लिहिलंय, "अनाथांच्या चेहऱ्यावर हसू फुलवताना." कुठलं हसू रे? त्याला सावलीत जायचंय!

आता लगेच कुणी सांगायला येऊ नका की पोरं काहीतरी चांगलं करतायत, ताई तुम्ही कशाला नावं ठेवता. नावं ठेवणार. एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही, तो आधी ऐका.

सांगलीकडच्या एका मुलांच्या बालगृहात मी शनिवारी गणित शिकवायला जाते. काही वर्षांपूर्वी असाच पंधरा ऑगस्ट होता. झेंडावंदन झालं आणि पाहुण्यांची रीघ लागली. आधी वह्यावाले आले, ते जातायत तोवर जिलेबीवाले, त्यांच्या पाठोपाठ कुणाच्या तरी लेकीचा वाढदिवस म्हणून केक. दर वेळी तेच. मुलांनी सतरंजीवर मांडी घालून बसायचं, स्वागतगीत म्हणायचं, मान्यवरांचा परिचय ऐकायचा, आणि शेवटी एका सुरात "थँक्यूऽऽ दादा, थँक्यूऽऽ ताई." चौथीतला एक पोरगा सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "ताई, अजून किती थँक्यू राहिलेत? मला लघवीला लागलीय."

मी त्याला हळूच उठवून पाठवलं. तर पुढच्या खुर्चीवरचे एक पाहुणे मागं वळून म्हणाले, "इथं शिस्त जरा कमी दिसते." नऊ वर्षांचं पोर सकाळपासून बसलंय, तिसऱ्यांदा तेच गाणं म्हणतंय, आणि याला शिस्त कमी दिसते!

फोटोचं म्हणाल तर हा नुसता माझ्या चिडचिडीचा विषय नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७४. बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा, काहीही कुठल्याही माध्यमात टाकायचं नाही. टाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किती मंडळांना हे माहीत आहे? आणि संस्थाचालक काय सांगणार बिचारे, देणगीदाराला "फोटो काढू नका" म्हणायची छाती कुणाची? हो, मान्य आहे, फोटो बघून दुसरे चार जण वह्या देतात. सरकारी अनुदान वेळेवर येत नाही तेव्हा किराणा अशाच लोकांवर चालतो, हेही खरं. तरी मुलांची पाठमोरी रांग दाखवून भागतं की. नुसत्या वह्यांचा फोटो टाका. तुमच्या आधारस्तंभांचा तर टाकाच, त्यांना कुठलं कलम लागत नाही.

आणि ते "अनाथ, अनाथ" लिहिणं आधी बंद करा. बालगृहातल्या कितीतरी मुलांना आई असते. बाप गेलेला किंवा दारूत बुडालेला, आई ऊसतोडीला नाहीतर धुण्याभांड्याला, पोराला ठेवायला जागा नाही, म्हणून बालकल्याण समितीमार्फत ते इथं आलेलं असतं. शाळेतली पोरं आता फोन बघतात. उद्या वर्गात कुणी तो फोटो दाखवून "तू अनाथ आहेस का रे" विचारलं, तर त्या पोरानं काय सांगायचं? आईनं काय सांगायचं?

एवढं लिहून आता राग दुसऱ्या बाजूला वळतोय. कारण मघाशीच त्या पोस्टखाली आमच्या एका काकांची कमेंट दिसली, "आधी स्वतःच्या पायावर उभे राहा, मग समाजसेवा." काका, तुम्ही पायावर उभे राहून तीस वर्षं झाली. रिटायर होऊन फ्लॅटचं भाडं खाताय. एकदा तरी त्या गेटाच्या आत गेलात का? ही पोरं निदान गेली तरी. माझं भांडण पोरांशी आहे, ते आमचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही मध्ये पडू नका.

तर पोरांनो, तुमच्याशीच बोलते. तुम्ही येता कधी? पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आणि साहेबांचा वाढदिवस. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात फराळ इतका येतो की चिवड्याचे डबे ठेवायला कपाट पुरत नाही. मग सुट्टी लागते. ज्यांना कुणी आहे ते चार दिवस घरी जातात, ज्यांना खरंच कुणी नाही ते मागं राहतात. मे महिन्यात तर बघवत नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मोजकी पोरं, दुपारभर कॅरम, तोही एक सोंगटी हरवलेला. तुमच्या परीक्षा संपलेल्या असतात, तुम्ही मोकळे असता. पण मे महिन्यात कुठलाच 'दिन' नाही ना!

बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती भरते मे महिन्यात. चंद्रपूरचा मे! माझा मामेभाऊ कॉलेजात असताना गेला होता, परत आला तो तळहातावर फोड घेऊन, आणि वर्षभर दुसरा विषय नव्हता त्याला. तिथं त्याच्यासाठी कुणी स्वागतगीत म्हटलं नव्हतं. पहाटे उठवून हातात कुदळ दिली होती. कॉलेजातल्या एनएसएसलाही, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेलाही, नावं ठेवतात लोक, मार्कांसाठी करतात म्हणून. करू देत की मार्कांसाठी. वर्षाला १२० तास भरायचे असतात, आणि तास भरायचे म्हटलं की माणूस पुन्हा पुन्हा येतो. मला तेवढंच पाहिजे.

अशीही पोरं आहेत हो, ते लिहिल्याशिवाय राहवणार नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आमच्याकडे यायचा, भयंकर अबोल. पहिल्या दिवशी आला तेव्हा मुलांशी काय बोलावं हेच त्याला सुचेना, म्हणून बाथरूमचे गळके नळ दुरुस्त करत बसला. पुढच्या वेळी आपणहून वॉशर घेऊन आला. मग नेलकटर आणलं, आणि दर आठवड्याला लहान पोरांची नखं कापायला लागला. नखं कापताना पोरं काय काय सांगायची त्याला! जे मला कधी सांगितलं नाही, समुपदेशक बाईंना सांगितलं नाही, ते सगळं. तो लघवीला लागलेला पोरगा तर त्याचा शेपूटच झाला होता. या दादाला त्या पोरानं एकदाही थँक्यू म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट एकदा दादा उशिरा आला म्हणून पोरगा फुगून बसला होता, "जा, मी नखं कापून घेणारच नाही." कुणावर तरी असं हक्कानं रुसता यावं, हे त्या जिलेबीच्या टोपल्यात कुठून येणार?

एक मुलगी होती बीकॉमची. तिनं कागदपत्रांचं काम अंगावर घेतलं. तुम्हाला माहीतच असेल, २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला महिला व बालविकास कार्यालयात खेटे घालावे लागतात. आईबापांचे मृत्यूचे दाखले शोधायचे, नावातली वेलांटी दुरुस्त करून घ्यायची, साहेब आज मीटिंगला गेलेत हे ऐकून परत यायचं. तिनं हे सगळं केलं. शिवाय ज्यांची आई आहे त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेचे फॉर्म भरून दिले. त्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, पोराला आईजवळ राहायला थोडा आधार होतो. एका पोराचं मंजूर झालं आणि तो बॅग घेऊन घरी गेला. याचा फोटो नाही. काढण्यासारखं काय होतं त्यात, एक बाई एसटीची वाट बघत उभी आणि शेजारी पोरगं.

अठरा पूर्ण झालेल्या मुलांचं तर विचारूच नका. बालगृह सुटतं, अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतरच्या मुलांच्या वसतिगृहात, जागा असेल तर ठीक, नाहीतर खोली शोधा, डिपॉझिट आणा. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही मागतात. वीस-बावीस वर्षांचे तुम्ही, त्याच्याहून थोडेसेच मोठे. त्याच्याबरोबर बँकेत जाऊन खातं उघडून द्यायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. आम्ही गेलो की तो अवघडतो.

बघा, चिडून लिहायला बसले होते आणि आता निवळले. त्या मंडळातल्या दोघांना मी ओळखते, वाईट पोरं नाहीत. पुरात याच मंडळानं लोकांना घरांतून बाहेर काढलं होतं, तेव्हा यांच्याकडे ना बॅनर होता ना टीशर्ट. पोस्ट अजून काढलेली नाही, रात्री फोन करणार आहे. ऐकलं नाही तर संस्थेच्या सरांना सांगेन.

आता कामाचं. दिवाळीआधी सहामाही आहे, आणि आमच्याकडच्या दहावीच्या पोरांचं भूमितीत काही खरं नाही. इंग्रजीचं त्याहून नाही. शनिवारी साडेचार ते सहा, मार्चपर्यंत, खाडे न करता येणारं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये या. आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी लागेल, पोलीस पडताळणीही करावी लागेल. तोंड वाकडं करायचं नाही, मीही केलीय. फोन ऑफिसात ठेवून वर्गात जायचं. येताना काही आणू नका. फारच वाटलं तर कॅरमची एक पांढरी सोंगटी.