ट्रॉली डुललीच पाहिजे! नव्या ऊसवाहतूकदारांना चार शहाणपणाच्या गोष्टी

अभिनंदन! ट्रॅक्टर दारात आला, बॉनेटला हार पडला, कारखान्याशी वाहतुकीचा करार झाला, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला उचलही देऊन झाली. (मुकादम टोळी घेऊन येतो की फोन बंद करून बसतो, तो तुमच्या नशिबाचा भाग.) आता दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू होईल आणि तुम्ही दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर याल. अशा वेळी मागची ट्रॉली सासुरवाशिणीसारखी मान खाली घालून चालली, तर गावात तुमची काय पत राहिली? ट्रॉली डुलली पाहिजे. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला डावीकडून काढावी की उजवीकडून, हे शेवटपर्यंत कळता कामा नये.

सुरुवात उसाच्या फडातच करायची. दोन चाकी ट्रॉलीत वजन आसाच्या थोडं पुढे ठेवलं, तर दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर दाबून बसते, ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात आणि ट्रॉली निमूट मागे येते. म्हणजे सगळा बेत फसला. म्हणून मोळ्या मागच्या फाळक्याकडे रचत जा. मागे वजन झालं की दांडी हुकाला खालून वर ढकलते, मागच्या चाकांची पकड सुटत जाते आणि ट्रॉलीचं शेपूट मोकळं होतं. मागे जागा संपली की वर चढा. वर आभाळापर्यंत जागा आहे; फक्त विजेच्या तारा सांभाळा. ऊस जितका उंच, तितका ट्रॉलीचा भार डोक्याशी, आणि साध्या खड्ड्यातसुद्धा ती कलते किती नि सावरते किती, हे बघायला रस्त्याकडेची माणसं थांबतात.

पन्नास हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर स्वतः भरतो जेमतेम दोन टन. त्याच्यामागे वीस टनांच्या आसपास ऊस लावला की कोण कोणाला नेतंय हा प्रश्न पडतोच. तो पडू द्यावा, उत्तर शोधू नये. चढाला पुढची चाकं उचलली तर घाबरायचं कारण नाही. दोन पोरं पुढे बंपरवर बसवा. स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं आणि चाकं हवेत आहेत, असल्या बारकाव्यात ती पोरं शिरत नाहीत.

अमेरिकेतली माणसं या बाबतीत फारच भित्री. आमचा पुतण्या टेक्सासात असतो, पिकअपमागे कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेली ट्रॉली, जोडून सहकुटुंब फिरतो. निघण्याआधी ट्रॉलीच्या वजनाचे दहा ते पंधरा टक्के हुकावर आलेत का, ते मोजतो. पुढच्या चाकांवरही भार पोचावा म्हणून खास हुक बसवलेला, डुलणं आवरायला वेगळी पट्टी, आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक, तो वापरायचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी. एवढं करून आत काय, तर दोन पलंग आणि एक शेगडी! आमच्याकडे एवढ्या वेळात एक खेप कारखान्यावर उतरते.

आता पिन. माझ्या मते खरी कला इथेच आहे. हुकातली पिन झिजते, दांडीचं भोक लंबगोल होतं, आणि दोघांमध्ये बोटभर फट पडते. ट्रॅक्टर ओढायला लागला की खट्, सोडला की खट्. गाववाले या आवाजावरून कोणाची गाडी आली ते अंथरुणातून ओळखतात. ही बोटभर फट म्हणजे ट्रॉलीला मिळालेलं स्वातंत्र्य. नवी पिन चहा-वड्याच्या पैशात येते, म्हणूनच ती घ्यायची नाही; एवढ्या किरकोळ खर्चासाठी गाडी कोण उभी करणार? पिन उडू नये म्हणून चाप असतो. तो पहिल्याच आठवड्यात फडात पडतो. त्या जागी कुंपणाची तार दोन वेढे पिळा. पिन निसटलीच तर ट्रॉली धरून ठेवायला वेगळी साखळी लावतात, असंही ऐकतो. आमच्याकडे ती साखळी म्हशीला आहे.

दुसऱ्या ट्रॉलीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तुम्ही स्टिअरिंग वीतभर हलवलं की पहिली ट्रॉली थोडी सरकते आणि दुसरी त्याचा सूड घेते. हेलकावा मागे जाताना कमी होत नाही, वाढतो. त्यात दुसरीला एक रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर आणि एक कमी हवेचा, अशी जोडी लावलीत तर तिला खड्ड्याचीसुद्धा गरज उरत नाही.

वेगाचं एक गुपित आहे. सावकाश चाललात तर ट्रॉलीचा हेलकावा आपोआप विरतो. दोन झोके, तिसऱ्याला गप्प. एका ठरावीक वेगापुढे मात्र उलटं होतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा येतो. तुमच्या ट्रॉलीचा तो वेग कोणता, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं, तेव्हा रोज थोडा थोडा वाढवून शोधत राहा. उतारावर न्यूट्रल केलंत तर लवकर सापडतो, वर डिझेल वाचतं. रिकाम्या परतीत तर पळवाच. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लावायचा असतो, आणि रिकाम्या ट्रॉल्या काय सुंदर उड्या मारतात!

ब्रेकबद्दल थोडं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात वळायला ते सुटे ठेवतात आणि रस्त्यावर खटका लावून जोडतात. तुम्ही खटका लावू नका. अचानक कुत्रं आडवं आलं आणि पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. मागच्या दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक नसल्यामुळे त्यांना हे कळवण्याची सोय नाही. त्या आपल्या सरळ येतात. जाणते म्हणतात, ट्रॉली डुलायला लागली तर ब्रेकला हात लावू नये, ॲक्सिलरेटर हळूच सोडावा, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा. ऐकायला बरं आहे. पण मर्द माणूस जोरात ब्रेक मारतो आणि ट्रॉली जिकडे जाते त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवतो.

रिफ्लेक्टरचा विषय हंगामाच्या शुभारंभाला संपतो. त्या दिवशी साहेबांच्या हस्ते पट्टी चिकटते, फोटो छापून येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती फडाच्या मातीखाली विश्रांती घेते. पुसायची नाही. अंधारात गाडी दिसली नाही तरी गाणी ऐकू येतात की.

कोणी कायद्याचा धाक घालील. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आहेत. माल बाजूने, मागे किंवा उंचीला बाहेर आला तर त्याचेही 20,000. निश्चिंत असा. मौज अशी की तुमच्या प्रत्येक खेपेचं वजन कारखान्याच्या काट्यावर किलोपर्यंत मोजून, तारीख-वेळ आणि गाडी नंबरासह छापलं जातं. एवढा चोख पुरावा पोलिसांनाही गोळा करता येणार नाही. पण ती पावती बिलासाठी असते. बिल टनावर निघतं, तोडणी टनावर, वाहतूक टनावर, मुकादमाचं कमिशन टनावर. टन कमी भर म्हणणारा माणूस या साखळीत अजून जन्मायचा आहे. तसा एखादा भेटलाच, तर तो हमखास मोटारसायकलवर आणि तुमच्या मागे असेल.

आणि समजा एके रात्री वळणावर दुसरी ट्रॉली कलंडलीच, तर गडबडून जायचं नाही. आधी खाली कोणी आहे का ते बघायला लोक धावतातच, तुम्ही चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या फडावरच्या कारकुनाला, फोन लावा. तोडलेला ऊस वाळतो, दर तासाला वजन घटतं. मग मागून येणारा पहिला ट्रॅक्टर हात करून थांबवा आणि सांडलेला ऊस त्याच्या ट्रॉल्यांवर चढवा. त्या भरलेल्या असतील. वर जागा असते.