दहावीचे वर्ष आणि मैदान

कोल्हापूरला माझ्या भाचीचा फुटबॉल यंदा बंद करण्यात आला आहे, कारण तिचे दहावीचे वर्ष आहे. दादाने मला इथे अमेरिकेत फोनवर हे सांगितले आणि वर असेही म्हणाला, की घरच्या मैदानावर आपल्या मुली अमेरिकेकडून आठ गोलांनी हरल्या, तेव्हा हा खेळ आपल्या मुलींचा नव्हेच. त्या वाक्याने मी अजून अस्वस्थ आहे.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारत ०-८ असा हरला, हे खरे आहे. पण त्या आठ गोलांमागे पन्नास वर्षांची तयारी होती. अमेरिकेतल्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करण्यास मनाई केली. त्यात खेळाचा उल्लेखही नव्हता, तरी महाविद्यालयांना मुलींचे संघ उभारावे लागले. १९८२ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने महिलांची पहिली सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) स्पर्धा घेतली, आणि ती जिंकली नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरी गावाजवळच्या चॅपल हिल विद्यापीठाने. अमेरिकेची गाजलेली खेळाडू मिया हॅम तिथलीच. महिलांची व्यावसायिक लीग मात्र इथेही सहज रुजली नाही. २००१ ची तीन हंगामांत बुडाली, २००९ ची तीनच हंगाम खेळली, आणि २०१३ ची एनडब्ल्यूएसएल टिकली. खालचे क्लब आणि महाविद्यालये चालूच राहिल्यामुळे तिसऱ्या खेपेलाही खेळाडू तयार होत्या.

आणि दहावीचे म्हणाल, तर इथे दहावी संपली की १५ जूनपासून पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांचे प्रशिक्षक मुलींशी थेट बोलू शकतात. म्हणजे ज्या वर्षी दादा मैदान बंद करतो, नेमक्या त्याच वर्षी माझी लेक सर्वाधिक खेळते आहे. आठवड्याला तीन सराव, शनिवार-रविवार सामने, आणि बीजगणित गाडीच्या मागच्या सीटवर.

हे मी दादाला अभिमानाने ऐकवले, पण काही गोष्टी सांगितल्या नाहीत. क्लबची फी, प्रवास आणि हॉटेले यांत वर्षाला हजारो डॉलर जातात. ज्या घरात ते नाहीत, तिथली मुलगी इथेही मागे पडते. शिवाय मी ते निव्वळ खेळासाठी खर्च करते असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. जून जवळ येतो तशी मी रात्री जागून तिच्या गोलांच्या चित्रफिती जोडत बसते आणि प्रवेशाची चिंता करते. दादाची टक्क्यांची चिंता याहून फार वेगळी नाही.

भुवनेश्वरच्या सामन्याचे रेकॉर्डिंग आम्ही मायलेकींनी त्याच संध्याकाळी पाहिले होते. प्रत्येक अमेरिकन गोलाला ती टाळ्या वाजवत होती. तो तिचाच देश. पाचव्या गोलानंतर मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उरलेला सामना तिने एकटीने पाहिला. भारतीय मुलींसाठी मला इतके भरून येईल, असे वाटले नव्हते.

लहानपणी मी वडिलांबरोबर शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे सामने पाहायला जायचे. दादा पेठेतल्या पोरांबरोबर खेळायचा, मी त्याचे चिखलाचे बूट धुवायचे. मला कोणी खेळू नको म्हटले नव्हते. मलाही खेळायचे आहे असे म्हणता येते, हेच मला ठाऊक नव्हते. भाचीला ते ठाऊक होते. तिने स्वतः मागितले आणि तीन वर्षे खेळली. दादा, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी तिला जाऊ दे.