व्याज कमी करून देतो म्हणणारा फोन

परवा रात्री साडेअकराला डॅलसहून मावसभावाचा फोन आला. ताई, एक विचारायचं होतं, पण मावशीला नको सांगू. मला वाटलं नोकरीचं काहीतरी, कारण मार्चमधे लेऑफ झाला होता आणि मधले तीन महिने घरभाडं, किराणा सगळं क्रेडिट कार्डावर चाललेलं. तर म्हणे एक फोन आला होता, रेकॉर्ड केलेला आवाज, तुमच्या कार्डाचं व्याज कमी करून मिळेल, आजच शेवटची संधी, एक दाबा. त्याने एक दाबलं. पुढचा माणूस इतका गोड बोलला की कार्डाचा नंबर, एक्सपायरी, मागचे तीन आकडे, सगळं दिलं गेलं आणि ८९५ डॉलर "फी" म्हणून त्याच कार्डावर लागले. सत्तावीस टक्के व्याजाच्या कार्डावर!!

मी इथे न्यू जर्सीत एडिसनला पंधरा वर्षं आहे, हा फोन मला पाठ आहे. पूर्वी "कार्डहोल्डर सर्व्हिसेसमधून रॅचेल बोलतेय" असा यायचा, अमेरिकेत राहिलेल्या बहुतेकांनी तो ऐकला असेल. २०१२ मधे फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी इथली सरकारी संस्था) असल्या पाच कंपन्यांवर एकदम केसेस टाकल्या, लोकांकडून काहीशे डॉलरपासून जवळजवळ ३००० डॉलरपर्यंत आधीच घेतले होते त्यांनी. केसेस झाल्या, फोन काही थांबले नाहीत. आणि नंबर कुठलाही दाखवता येतो त्यांना, मला परवाच ७३२ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आला, आपल्याच भागातला नंबर, वाटलं मुलाच्या शाळेतून असेल.

नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींना हे कुणी सांगतच नाही म्हणून लिहितेय. फोनवर कर्ज किंवा व्याज कमी करून देतो म्हणणाऱ्याने काम व्हायच्या आधी फी घेणं इथे २०१० पासून बेकायदा आहे. आधी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवायचा, पुढचं ऐकायचंच नाही. आणि यादीतून नाव काढायला दोन दाबा म्हणतात ना, तेही दाबू नका, नंबर चालू आहे, माणूस उचलतो एवढं त्यांना त्यातून कळतं आणि मग फोन वाढतात.

खरा संताप मला कशाचा येतो सांगू? ते जे विकतात ते फुकट मिळतं. कार्डाच्या मागे छापलेला नंबर आपण स्वतः लावायचा आणि सांगायचं की नोकरी गेली होती, हप्ते जड जातायत, हार्डशिप प्रोग्राम (म्हणजे अडचणीतल्या ग्राहकाला व्याजात किंवा हप्त्यात सवलत) आहे का. बँक दर वेळी हो म्हणेल असं नाही पण विचारायला एक सेंट लागत नाही. मीच त्याला लाइनवर धरून बँकेला फोन लावायला लावला. जुनं कार्ड बंद झालं, नवीन पाठवतायत, ८९५ चा डिस्प्यूट घातला, म्हणजे ही रक्कम मला मान्य नाही अशी बँकेकडे तक्रार (स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं असतं, ते पत्र पण लिहून घेतलं त्याच्याकडून) आणि त्याच फोनवर वर्षभरासाठी व्याज कमी करून मिळालं. चाळीस मिनिटं लागली सगळी मिळून.

मग मी विचारलं, अरे, हे तू आधी का नाही केलंस? तर म्हणाला, ताई, बँकेला कसं सांगू पैसे नाहीत म्हणून, लाज वाटते. इतका शिकलेला मुलगा, सॉफ्टवेअरमधला. घरी सगळ्यांना वाटतंय अमेरिकेत मजेत आहे आणि हा रात्री एकटा बसून मिनिमम ड्यूचे आकडे जुळवतोय. त्या फोनवाल्याला नेमका असाच माणूस हवा असतो, कर्जाबद्दल कुणाशीच न बोललेला. आपल्याकडे पगार विचारतात, घर कितीला घेतलं विचारतात, पण कार्डावर किती चढलंय हे सख्ख्या भावाला पण कुणी सांगत नाही.

त्याला विचारूनच लिहितेय हे, नाव नको म्हणाला. डिस्प्यूटचं अजून काही कळलं नाहीये, रोज रात्री फोन करतो, स्टेटमेंट उघडून दोघं मिळून बघतो. मावशीला सांगायचं म्हणतोय रविवारी.